सुमनबाईनं जुंपलेला नांगर

गावाचं नाव इथं घेत नाही. आखाडा बाळापूरकडं जाणाऱ्या रस्त्यावर आहे, एवढं पुरे. नाव घेतलं तर उत्तमराव भांडायला येईल. त्याला वाचता येतं, आणि जे वाचतो ते आपल्यावरच लिहिलंय असं त्याला वाटतं. या वेळी ते खरंच आहे, म्हणून जास्त जपायला हवं.

सुमनबाई ही उत्तमरावाची थोरली भावजय. उंचीनं बेताची, आवाजानं नाही. ओढ्याच्या अलीकडं बोलली तर पलीकडची शेरडं चरायची थांबतात. ती लग्न होऊन आली त्यानंतर दोघा भावांच्या वाटण्या झाल्या. धाकट्या उत्तमरावाला रस्त्याकडचं, विहिरीचं, आरशासारखं रान मिळालं. थोरल्या उकंडरावाला, म्हणजे सुमनबाईच्या नवऱ्याला, ओढ्याकाठचं. माती काळीभोर, पण हराळी अशी माजलेली की टाकलेलं बी जमिनीपर्यंत पोचायचंच नाही. वाटणी अशी कशी झाली म्हणून कुणी विचारू नये. सासूचा धाकट्यावर जीव होता, आणि उकंडराव 'व्हय' म्हणायला लहानपणीच शिकला होता, 'न्हाई'चा धडा यायच्या आधी त्यानं शाळा सोडली.

ती हराळी सुमनबाईनं कुदळीनं खणून काढली. एका उन्हाळ्यात नाही, पोरं लहानाची मोठी होईपर्यंत. दुपारी सगळं गाव सावलीला पडलेलं असायचं आणि ओढ्याकडून कुदळीचा ठक-ठक आवाज यायचा. मुळ्यांचे ढीग बांधावर वाळायचे, मग ती त्यांना काडी लावायची आणि पेटलेल्या ढिगाकडं अशी बघत उभी राहायची, जशी एखादी बाई सवतीच्या सरणाकडं बघेल. बायका चिडवायच्या की सुमनचं लगीन उकंडरावाशी नाही, हराळीशी लागलंय. त्यावर ती म्हणायची, "हराळी ओढली तर हालते तरी."

हे बोलणं उकंडरावाच्या कानावर गेलं होतं. तो हसला, असं म्हणतात. तो माणूसच तसा.

रान सुधारलं. हळद येऊ लागली, सोयाबीन येऊ लागलं, आणि ज्या रानाकडं उत्तमराव पाठ करून लघवीला बसायचा, त्याच रानाकडं तो आता तोंड करून बसू लागला. बांधावर बसून मातीचा खडा बोटांत चुरायचा आणि म्हणायचा, दादाच्या रानात लई जोर हाय.

पुढं उकंडरावानं बैल विकले आणि छोटा ट्रॅक्टर आणला. उत्तमरावाचा मोठा, घराएवढा. म्हणून त्यानं भावाच्या ट्रॅक्टरचं नाव 'बकरी' ठेवलं, आणि गावानं ते लगेच उचललं. ही बकरी सुमनबाई चालवायला शिकली. पहिल्याच दिवशी तिनं ती कडब्याच्या गंजीत घातली, दुसऱ्या दिवशी जिवनबाईच्या न्हाणीत. जिवनबाई शेजारीण. सुदैवानं न्हाणीत त्या वेळी फक्त बादली होती. पण महिन्याभरात सुमनबाई मागं ट्रॉली लावून बाळापूरच्या बाजाराला जाऊ लागली. पारावर यावर चर्चा झाली. बाईनं ट्रॅक्टर चालवावा का? शेवटी ठरलं की ट्रॉली म्हणजे गाडीच, आणि गाडी हाकल्यानं धर्म बुडत नाही. हे ठरायला दोन बाजार गेले. त्या दोन बाजारांना पारावरच्या सगळ्यांच्याच बायका तिच्या ट्रॉलीत बसून फुकट जाऊन आल्या होत्या, हा भाग वेगळा.

नांगराचं मात्र तसं नव्हतं. बाईनं नांगराला हळदीकुंकू लावावं, नैवेद्य दाखवावा, डोकं टेकावं. पण जुंपायला हात लावू नये. लावला तर पाऊस वाट चुकतो. नियम जुना, बैलांच्या काळचा. तो ट्रॅक्टरच्या पलटी नांगराला कसा चिकटला, याचं उत्तर बालाजीकडं आहे.

बालाजी हा ड्रायव्हर. डोळ्यावर काळा चष्मा, खिशात कंगवा, आणि गावातल्या निम्म्या नांगरटी त्याच्या हातात. पलटी नांगर ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगायचं तर त्याला पाठीला पाठ लावून दोन फाळ असतात. एक मातीत, एक आभाळाकडं. नांगराचं एक तास, म्हणजे एक चर, संपलं की लिव्हर ओढायची. ट्रॅक्टरमधलं तेल पाइपातून जोरानं जातं आणि अख्खा नांगर कूस बदलतो. हराळीच्या मुळ्या वर येऊन उन्हात वाळतात. त्यासाठी नांगराचे दोन पाइप ट्रॅक्टरच्या पाठीतल्या दोन खोबणींत बसवावे लागतात. या बसवण्यातच सगळी गोम. आणि बालाजीनं ती गोम झाकून ठेवली होती. जुंपायची वेळ आली की तो म्हणायचा, काकू, च्या ठेवा, बाईमानसासमोर नांगर जुंपत न्हाईत. काकू चहा घेऊन येईपर्यंत नांगर लागलेला असायचा.

एकदा सुमनबाईनं चहाचं पातेलं जिवनबाईच्या हवाली केलं आणि गंजीच्या आडून पाहिलं. बालाजीनं इंजिन बंद केलं, डोळे मिटले, ओठ हलवत लिव्हर चारदा पुढं-मागं केली आणि मग पाइप लावला. तिनं नंतर विचारलं तर म्हणाला, गुरूचा मंत्र हाय, सांगितला तर पावर जाते. तिनं मान डोलावली. सुमनबाई मान डोलावते तेव्हा तिला पटलेलं असतं असं नाही.

यंदा फाल्गुनात उकंडराव चिंचेवरून पडला. या वयात चिंचेवर का चढला, तर जिवनबाईला चिंचेचे आकडे पाहिजे होते. यावर गावानं जेवढं बोलायचं तेवढं बोलून घेतलं, इथं पुन्हा नको. कंबर धरली, बाज धरली. आणि अशा अवस्थेत काठी टेकत तो एक दिवस पारावर जाऊन बसला, हे त्याचं खरं चुकलं.

उत्तमराव तिथं होताच. त्यानं भावाच्या कंबरेची चौकशी केली आणि मग हळूच रानावर आला. म्हणाला, आता नांगरट कोन करून घेनार, हराळी पुन्हा माजंल, पाव्हने हसतील. त्यापेक्षा मला बटईनं दे, निम्मं पीक तुला. पाव्हण्यांचं नाव काढलं की उकंडरावाला लाज वाटते. तो म्हणून बसला की पाडव्यापर्यंत ओढ्याकाठचं रान नांगरून झालं नाही, तर या पाडव्यापासून तू कर. चार माणसांसमोर म्हणाला. शब्द गेला.

आता उत्तमरावाची बटई सगळ्या गावाला ठाऊक. ज्यानं त्याला एका सालाकरता म्हणून रान दिलं, तो मालक आज स्वतःच्या बांधावरची बोरं वेचायला त्याला विचारून जातो. दुसऱ्याच दिवशी कळलं की बालाजी पाडव्यापासून उत्तमरावाकडं सालगडी म्हणून राहिला, आणि तोवर दुसऱ्या कुणाच्या नांगराला हात लावणार नाही. बाकीचे ड्रायव्हर होते, पण एकाच्या घरी सोयरीक निघाली, दुसऱ्याच्या घरी मयत. तिसऱ्याला काही सुचलंच नाही. तो नुसता पायाकडं बघत राहिला. उत्तमरावाची मर्जी कोण वाकडी करून घेणार?

सुमनबाईला शब्दाचं कळलं तेव्हा ती भाकरी थापत होती. तिनं तव्यावरची भाकरी उलटली, भाजून काढली, नवऱ्याच्या ताटात ठेवली आणि मग म्हणाली, "जीभ तुमची व्हती, रान माझं हाय. जीभ द्यायची व्हती. रान काहून दिलं?"

उकंडरावानं भाकरी मोडली. अडचण आली की तो जेवतो.

ड्रायव्हर शोधता शोधता पाडव्याला एक दिवस राहिला. त्या सकाळी सुमनबाईनं पदर कंबरेला खोचला आणि बकरी चालू केली. पलटी नांगर दारासमोर रस्त्याच्या कडेला उभा होता. समोरच पार. तिनं ट्रॅक्टर उलटा घेऊन नांगराला भिडवायला सुरुवात केली आणि पारावरचं बोलणं बंद पडलं.

उत्तमराव उठून आला, मागं बालाजी. रस्त्याच्या मधोमध उभं राहून त्यानं विचारलं, "वैनी, काय करून राहिल्या?"

"दिसत न्हाई? नांगर जुंपून राहिले."

"बाईचा हात लागला तर पाऊस पळून जातो. गावाचा इचार करा जरा."

सुमनबाईनं मान वळवून मागचं चाक बघितलं, मग त्याच्याकडं. "मागल्या साली गावातले सगळे नांगर गड्यायनंच जुंपले व्हते, भावजी. पावसानं सोयाबीन शेंगासकट वाहून नेलं. तवा त्यो पाऊस कोन्या बाईनं आनला व्हता? उलट मी जुंपते, जरासा पळाला तर बराच हाय."

पारावर कुणीतरी हसू दाबलं. दाबलेलं हसू जास्त ऐकू येतं.

आता, ट्रॅक्टर उलटा घेऊन नांगराला बराबर भिडवणं हे सुईत दोरा घालण्यासारखं. फरक एवढाच की सुई चार माणसांना उचलणार नाही एवढी जड आणि दोरा धूर सोडणारा. पहिल्या खेपेला ती वीतभर डावीकडं गेली, दुसऱ्या खेपेला वीतभर उजवीकडं. आणि इथं पारावरच्या मंडळींची पंचाईत झाली. बाईनं नांगर जुंपू नये यावर सगळ्यांचं एकमत होतं. पण समोर कुणी ट्रॅक्टर उलटा घेत असताना गप्प बसणं हे आपल्याकडच्या माणसाला जमणारं नाही. एकजण म्हणाला, जरा इकडं. दुसरा म्हणाला, तिकडं कशाला, सरळ येऊ दे. तिसरा तर उठून हातानं खुणा करू लागला. उत्तमरावानं वळून डोळे वटारले तेव्हा तो खुणेचा हात तसाच डोक्यावर नेऊन खाजवत बसला.

चौथ्या खेपेला खालचे दोन दांडे नांगराच्या खुंट्यांसमोर आले. सुमनबाई उतरली. डावा दांडा तिनं पायानं रेटून खुंटीत घातला आणि पिन ठोकली. उजवा जरा वर राहिला होता. त्याचं हॅंडल फिरवून तो खाली आणला, तोही घातला. वरचा तिसरा दांडा बसला तेव्हा तिच्या कपाळाचं कुंकू घामानं नाकापर्यंत आलं होतं. राहिले दोन पाइप.

पहिला पाइप खोबणीत जाईना. तिनं रेटला, पिळला, पुन्हा रेटला. उत्तमराव हाताची घडी घालून म्हणाला, बघा, देवाला मंजूर न्हाई. पारावरच्या दोघा-तिघांनी माना हलवल्या. खरं सांगायचं तर सुमनबाईही अडली होती. गंजीच्या आडून जेवढं पाहिलं तेवढंच तिला येत होतं, आणि गंजीच्या आडून पाइपाचं तोंड दिसत नाही.

मग तिनं ते तोंड डोळ्यांजवळ नेलं. आत लालसर, पिवळसर लगदा बसला होता. दसऱ्याच्या पूजेचं हळदीकुंकू. तिनंच लावलेलं. लोकांच्या घरी नांगराला एक बोट लावतात, सुमनबाईनं दोन्ही फाळांना, दांड्यांना आणि दोन्ही पाइपांच्या तोंडांनासुद्धा मूठ-मूठ लावलं होतं, कुणाला राग यायला नको म्हणून. तेलात भिजून, धूळ धरून त्याचं दगडासारखं झालं होतं. इतकी वर्षं बालाजी दर वेळी ते गुपचूप कोरून काढत असणार, कारण तो रस्त्यात एकदम दुसरीकडं बघू लागला.

तिनं ते सगळ्यांना दाखवलं. लपवायचा तिचा स्वभाव नाही. म्हणाली, "देवाला मंजूर हाय, भावजी. म्या लावलेल्या कुंकवाला न्हाई. ते मी काढते."

लिंबाची काडी घेऊन तिनं दोन्ही तोंडं कोरली, फडक्यावर डिझेल घेऊन पुसली. जिवनबाई आपल्या दारात उभी होती. ती हळूच पुढं आली आणि दुसरं फडकं देऊन गेली. चिंचेच्या आकड्यांचं देणं तिनं असं फेडलं म्हणा. सुमनबाईनं पहिला पाइप पुन्हा धरला. तरी जाईना. आता मात्र पारावर सरळ सरळ खोकले सुरू झाले.

सुमनबाई दोन पावलं मागं आली. ट्रॅक्टर धडधडत होता. तिचं लक्ष त्या धडधडीकडं गेलं आणि तिनं चाबी फिरवून इंजिन बंद केलं. सगळीकडं एकदम शांत. मग तिनं सगळ्यांदेखत डोळे मिटले, ओठ हलवले आणि लिव्हर चारदा पुढं-मागं केली. आत अडकलेल्या तेलाचा जोर सुस्कारा टाकून उतरला. डोळे उघडून तिनं बालाजीकडं पाहिलं.

"मंत्र बराबर म्हनला का रे?"

बालाजीनं चष्मा काढून पुसायला घेतला. तिनं पाइप दाबला. टक. दुसरा दाबला. टक. इंजिन चालू करून लिव्हर ओढली. नांगर जमिनीवरून उचलला गेला, जरा थांबला, आणि मग मोठ्या म्हशीनं चिखलात कूस बदलावी तसा उलटला. खुणा करणाऱ्या गृहस्थानं नकळत 'आलं, आलं' म्हटलं आणि जीभ चावली.

उत्तमराव रस्त्यातून बाजूला झाला नाही. ती त्याला वळसा घालून गेली. एवढी बकरी, तिला वळायला जागा कितीशी लागते.

दिवसभर ओढ्याकडून आवाज येत राहिला. रान लांबलचक आणि ट्रॅक्टर लहान. तास संपलं की नांगर उलटायचा, पुन्हा तास. मुळ्या वर येत होत्या, त्यामागं बगळे चालत होते. उकंडराव काठी टेकत बांधावर येऊन बसला. मदत करण्यासारखं त्याच्याजवळ काही नव्हतं म्हणून तो प्रत्येक फेरीला पाण्याचा तांब्या धरून उभा राहायचा. तीन फेऱ्यांआड ती थांबून प्यायची, एरवी नुसती हात करायची. पण सांज झाली. ट्रॅक्टरचा दिवा न्हाणीच्या प्रकरणात फुटलेला, तो कुणी बदलला नव्हता. उत्तमरावाच्या बांधाला लागून एक पट्टा राहिला तो राहिलाच.

पाडव्याच्या दिवशी सकाळी ती रानात पोचली, तर त्या पट्ट्यावर उत्तमराव उभा. नवा फेटा, हातात नारळ, मागं बालाजी. पारावरचे चौघं, ज्यांच्यासमोर शब्द गेला होता, तेही आणलेले. घरोघरी गुढ्या उभ्या राहत होत्या आणि ही सगळी मंडळी ढेकळांत.

उत्तमराव म्हणाला, "पाडवा उजाडला, वैनी. पट्टा राहिला. दादाचा शब्द हाय. उतरा."

चौघं खाली बघत होते. शब्द तर सगळ्यांनी ऐकला होता. पट्टाही डोळ्यांसमोर होता. उकंडराव बांधावर काठीशी चाळा करत होता.

सुमनबाईनं इंजिन बंद केलं, पण उतरली नाही. म्हणाली, "भावजी, तुमच्याकडं सालगड्याचं साल कवा फिटतं?"

उत्तमरावानं नारळ एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. उत्तर साऱ्या गावाला माहीत होतं. इतर मालक पाडव्याच्या सकाळी गड्याला मोकळं करतात. उत्तमरावाचा कायदा वेगळा. मालकाच्या घरचं पाडव्याचं जेवण गड्याच्या पोटात जाईपर्यंत साल फिटत नाही. तोवर शेण काढायचं, गोठा झाडायचा, जमलं तर एखादी गाडी खतही टाकून यायचं. मागच्या पाडव्याला त्याचा गडी दिवस कलेपर्यंत राबला होता. त्या चौघांतल्याच एकाचा तो पुतण्या. त्या एकानं आता मान वर केली.

"जेवनानंतर," तो म्हणाला. "उत्तमरावच म्हनत्यात तसं. गेल्या साली त्यायनंच सांगितलं मला."

"मंग झालं तर," सुमनबाई म्हणाली. "गड्याचं साल जेवल्यावर फिटतं, तर रानाचंबी जेवल्यावरच फिटनार. आमच्या घरी अजून चूल पेटली न्हाई. पुरन शिजलं की पाडवा. आन् पुरन शिजवनारी इथं बसली हाय."

उत्तमरावानं तोंड उघडलं. मग भावाकडं वळून म्हणाला, दादा, तू सांग. दादा आजवर त्याला 'न्हाई' म्हणाला नव्हता.

उकंडराव काठीवर जोर देऊन उभा राहिला. बायकोकडं बघितलं, भावाकडं बघितलं, पायाखालच्या मातीकडं बघितलं. "मी सकाळपासून उपाशी हाय," तो म्हणाला. एवढंच. पण ते कुणाच्या बाजूचं आहे हे सगळ्यांना कळलं.

सुमनबाईनं चाबी फिरवली. उत्तमराव पट्ट्यावर तसाच उभा. तिनं ट्रॅक्टर त्याच्यापर्यंत आणला, पुढचं चाक त्याच्या जोड्यांपासून हातभर राहिलं तेव्हा थांबली आणि मागं न बघता लिव्हर ओढली. नांगर हवेत उचलला गेला, धाडकन उलटला, फाळाला चिकटलेली मातीची ढेकळं उडाली. त्यातलं एक नव्या फेट्यावर बसलं.

"सरका, भावजी. फाळाला मानूस कळत न्हाई."

तो सरकला. आपल्या बांधावर जाऊन उभा राहिला, नारळ काखेत. बालाजी कधीचाच तिथं जाऊन उभा होता, आणि बघणारे शपथेवर सांगतात की तो हसत होता. पाडव्यापासून ज्या मालकाकडं राबायचं त्याच्या फेट्यावरचं ढेकूळ बघून हसणारा गडी तसा धाडसीच म्हणायचा.

पट्टा संपायला दुपार टळली. तिनं शेवटचं तास अगदी बांधाला खेटून घेतलं. इतकं खेटून की उत्तमरावाच्या बांधाचं एक बोट तिच्या रानात आलं, असं तो आजही म्हणतो. मोजायला या म्हटलं तर येत नाही.

त्या दिवशी गावात सगळ्यात उशिरा पाडवा उकंडरावाच्या घरी झाला. चूल पेटली तेव्हा दुसऱ्यांच्या गुढ्या उतरायला लागल्या होत्या. सुमनबाईनं हात दोनदा साबणानं धुतले, राखेनं घासले, तरी पुरणपोळीला डिझेलचा वास आलाच. उकंडरावानं पहिला घास घेतला, थांबला, बायकोकडं पाहिलं. मग सगळी पोळी संपवली आणि दुसरी मागितली.